संध्याकाळी घरी पंचवीस माणसं येणार: खायला काय ठेवायचं हे कोणत्या क्रमाने ठरवावं

घरी पार्टी ठरली की पहिला प्रश्न येतो, "काय करूया?" कुणी म्हणतं पावभाजी, कुणी म्हणतं छोले-पुरी, आणि अर्ध्या तासात आठ पदार्थांची यादी तयार होते. मग संध्याकाळी साडेआठला घरातली बाई किंवा बुवा कढईसमोर घामाघूम, पाहुणे बाहेर ताटकळलेले आणि कोशिंबिरीला पाणी सुटलेलं. गेली पंधराएक वर्षं मी पुण्यात घरच्या घरी अशा पार्ट्या करते आणि नात्यातल्या, सोसायटीतल्या लोकांना करायला मदतही करते. बहुतेक ठिकाणी स्वयंपाक चांगलाच होतो. चुकतो तो क्रम. पदार्थाचं नाव सगळ्यात शेवटी यायला हवं. त्याआधी किती वाजता, कोण, किती शेगड्या आणि किती हात, हे कागदावर यायला हवं.

हे मार्गदर्शन २० ते ३० माणसांच्या घरगुती संध्याकाळीसाठी आहे: वाढदिवस, प्रमोशन, लग्नाचा वाढदिवस, शाळेतल्या मित्रमैत्रिणींचं गेट-टुगेदर. माणसांची संख्या चाळीसच्या वर गेली तर सरळ आचारी बोलवा, ते गणित वेगळं आहे.

टप्पा १ : आधी निमंत्रणाचं वाक्य लिहा

"शनिवारी संध्याकाळी या घरी." या वाक्याचे आपल्याकडे तीन अर्थ होतात. पाचला चहा-फराळ, सातला "काहीतरी खाऊ", किंवा साडेआठला पोटभर जेवण. तुम्ही कोणता अर्थ धरलाय हे समोरच्याला कळत नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींना एकदा आम्ही असंच मोघम बोलावलं होतं. आठ जण घरून जेवून आले. चार जण मात्र "आज बाहेर जेवण आहे" म्हणून दुपारपासून पोट मोकळं ठेवून आले होते. आम्ही केले होते वडे, ढोकळा आणि खीर. जेवून आलेल्यांनी एकेक वडा चिवडला आणि उपाशी आलेल्यांना मी रात्री साडेनऊला घाईघाईने पिठलं-भात करून वाढला. त्यांना अवघडल्यासारखं झालं याचं वाईट आजही वाटतं.

म्हणून मेसेजमध्ये खाण्याचा उल्लेख स्पष्ट हवा:

"चहा-फराळाला या, पाच ते साडेसात."
"सातला या, भरपेट खाणं आहे, घरी जेवू नका."
"साडेसातला गप्पांना या, साडेआठला पानं घेऊ."

तिन्हींचा मेनू पूर्ण वेगळा होतो. पहिल्यात दोन तिखटमिठाचे पदार्थ, एक गोड आणि चहा पुरतो. दुसऱ्यात एक पोटभरीचा पदार्थ लागतोच. तिसऱ्यात आधीचं तोंडात टाकायचं आणि नंतरचं जेवण, असे दोन भाग होतात.

आठवड्यातल्या मधल्या वारी बोलावत असाल तर हिंजवडी किंवा खराडीहून येणारे साडेआठच्या आत पोचतील असं धरू नका, आणि शेजारच्या इमारतीतले काका सात वाजून दोन मिनिटांनी दारात असतील. म्हणजे पहिला पदार्थ दीड तास टेबलावर तसाच्या तसा टिकणारा हवा. मेनूवरची ही पहिली अट.

*तपासा:* वेळ आणि जेवण आहे की नाही, दोन्ही मेसेजमध्ये आलं का? नसेल तर पुढचा टप्पा वाचायच्या आधी दुरुस्त करून पाठवा.

टप्पा २ : डोकी मोजू नका, गट पाडा

"पंचवीस जण" एवढ्याने काहीच कळत नाही. कागदावर चार रकाने आखा: दहा वर्षांखालची मुलं, तरुण-मध्यमवयीन, साठीपुढचे, आणि ज्यांचं काही पथ्य आहे ते. मुलांची दोन पोटं मिळून एक मोठं पोट धरा. साठीपुढच्यांना आठनंतर तळलेलं नको असतं आणि कडक चावायचं जमत नाही. कवळी असणारा माणूस चकलीची बशी हसून पुढे सरकवतो आणि उपाशी राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तारीख कामाच्या सोयीने ठरते आणि उपास आदल्या दिवशी आठवतो.

संकष्टी असेल तर उपास करणारे चंद्रोदयानंतर जेवतात. चंद्रोदय नऊच्या आसपास, महिन्यानुसार मागेपुढे. त्यांच्यासाठी सात ते नऊ उपासाचं काहीतरी आणि नऊनंतर साधं वरण-भात, भाजी हवी. एकादशी त्या दिवशी सुटत नाही, तिथे शेवटपर्यंत उपासाचंच लागेल. श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो, पण श्रावण असल्यामुळे सामिष नको. चातुर्मास पाळणाऱ्यांना कांदा-लसूण-वांगं चालत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारे प्रत्येक घरात एखाददुसरे असतातच, तेव्हा सामिष पार्टी ठेवायची तर बुधवार, शुक्रवार किंवा रविवार बरा.

जैन पाहुण्यांना बटाटा, कांदा, लसूण, गाजर यांतलं काही चालत नाही आणि पक्कं पाळणारे सूर्यास्तानंतर खात नाहीत. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. अशा पाहुण्यांना साडेसातला बोलावून नुसतं पाणी देण्यापेक्षा फोन करून "तुम्ही साडेपाचलाच या, तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवते" म्हणा. त्यांना फार बरं वाटतं.

*सावध:* आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे जातं हे आपल्यालाच आठवत नाही. कोशिंबीर, वांग्याची भाजी, साबुदाणा, आळूचं फदफदं, शिवाय तळायचं तेल. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एखादं मूल येणार असेल तर सगळा मेनू कुटाविना करा. "याला तेवढं वेगळं देऊ" यावर विसंबू नका, डाव एका भांड्यातून दुसऱ्यात जातोच.

*सावध:* उपासाचे वडे तळायचे तर तेल नवीन आणि सगळ्यात आधी. भज्यांच्या तेलात तळलेला साबुदाणावडा उपासाला चालत नाही.

टप्पा ३ : स्वयंपाकघर मोजा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

लेकीच्या वाढदिवसाला २८ माणसं होती आणि पावभाजी ठेवली होती. भाजी दुपारीच तयार, झकास झालेली. मी निर्धास्त होते. पण पाव भाजायचे होते एका तव्यावर. तव्यावर एका वेळी सहा पाव, एका खेपेला दोन मिनिटं. माणशी तीन म्हणजे ८४ पाव, म्हणजे १४ खेपा, जवळपास अर्धा तास. तोही मधे लोणी संपलं नाही, पाव कापायला कुणी थांबलं नाही तर. केक कापल्यावर सगळे एकदम ताटं घेऊन उभे राहिले. शेवटच्या आठ जणांनी पाव तसेच, न भाजता घेतले आणि माझी सासू, जी कधी काही मागत नाही, ती रिकामी ताटली घेऊन दाराशी उभी होती.

पदार्थ अवघड आहे की सोपा, याला पार्टीत फारसं महत्त्व नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की शेवटच्या तासात त्याला किती मिनिटं शेगडी आणि किती मिनिटं माणूस लागतो. हे गणित करून बघा:

बटाटेवडे: मध्यम कढईत एका घाण्याला ६ ते ७ वडे, घाण्याला ५ मिनिटं. ५० वड्यांना ८ घाणे, म्हणजे ४० मिनिटं एक माणूस कढईपाशी.

पुऱ्या: माणशी पाच म्हटल्या तरी सव्वाशे. एक लाटायला, एक तळायला, तरी तासाच्या वर. घरगुती पार्टीत पुरी ठेवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पोळ्याच हव्या असतील तर जवळच्या पोळी-भाजी केंद्रात दोन दिवस आधी घडीच्या पोळ्या सांगा.

एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी), दहीपुरी: आपल्या पुणेकरांचा जीव यात अडकलेला, पण एकेक प्लेट हाताने भरावी लागते आणि भरल्यावर चार मिनिटांत पुरी मऊ पडते. पंचवीस माणसांत दोन माणसं दीड तास त्यातच अडकतात. त्याऐवजी भेळ. एका परातीत दहा प्लेटी एकदम कालवता येतात.

मसालेभात: शेवटच्या तासात शून्य मिनिटं. झाकून ठेवला की दीड तास गरम राहतो.

आता कागदावर लिहा: शेगड्या किती, फ्रिजमध्ये मोकळी जागा किती, मोठी पातेली किती, मदतीला खरोखर येणारे हात किती. "सगळे मदत करतील" हा आकडा शून्य धरायचा. आणि बसायला जागा किती? निम्म्या लोकांना उभं राहून खायचं असेल तर एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा, एवढ्यातच जमेल असं अन्न हवं. सार, श्रीखंड आणि मठ्ठा एकाच वेळी दिलंत तर माणशी दोन वाट्या आणि एक पेला होतो, आणि तिसरा हात कुणालाच नसतो.

*तपासा:* गॅस सिलिंडर भरलेला आणि एक जादा आहे का? पार्टी गुरुवारी-शुक्रवारी असेल तर महापालिकेची पाणी बंदची बातमी पाहिली का? दुरुस्तीसाठी पाणी बहुतेकदा गुरुवारी बंद असतं आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. पंचवीस माणसांची भांडी तशीच पडून राहतात.

टप्पा ४ : नावं न लिहिता सांगाडा उभा करा

आता फक्त रिकाम्या जागा लिहायच्या. भरपेट खाण्याच्या संध्याकाळीला सात जागा पुरे: एक पेय, आल्याबरोबर घ्यायचा एक टिकाऊ पदार्थ, एक गरम कुरकुरीत, एक पोटभरीचा, त्याच्याबरोबर एक पातळ, एक ताजं गार (कोशिंबीर किंवा काकडी-टोमॅटोचे काप), एक गोड. आठवी जागा सुचली की आधीची एक काढा. चहा-फराळाला यातल्या पेय, टिकाऊ, कुरकुरीत आणि गोड एवढ्या चारच ठेवा.

या जागांना काही बंधनं आहेत आणि ती मी मोडत नाही. शेवटच्या तासात हात लावावा लागेल असा पदार्थ एकच. तळलेला एकच. दह्याचा एकच, म्हणजे दहीवडे, कढी आणि श्रीखंड एका रात्री नाही. बटाटा एकाच पदार्थात. वडे, पावभाजी आणि बटाट्याची भाजी असा मेनू मी तीन वेळा तरी लोकांच्या घरी खाल्लाय. आणि एक पदार्थ मुलांसाठी अजिबात तिखट नसलेला, पण "मुलांचं वेगळं" असं न वाटणारा.

पार्टीसाठी नवीन पदार्थ पहिल्यांदा करून बघू नका. सुरळीच्या वड्या पाहायला सोप्या वाटतात, पण पीठ किती आटलं की ताटावर पसरायचं हे हाताला कळायला चार-पाच खेपा जातात.

पेयांत मद्य असेल तर जेवण दहाच्या पुढे जातं. अशा वेळी आधीचा टिकाऊ पदार्थ दुप्पट करा आणि पोटभरीचा पाऊणपट. रिकाम्या पोटी कुणाला बसू देऊ नका, आणि घरी गाडी कोण चालवणार हेही आधीच विचारा.

टप्पा ५ : आता पदार्थ भरा, ऋतू बघून

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण रात्री गच्चीवर वारा असतो. पन्हं, कैरी घातलेली भेळ, आंबेडाळ, कोथिंबीर वडी, मसालेभात, मठ्ठा, आम्रखंड. इथे मठ्ठा आणि आम्रखंड दोन्ही दह्याचे झाले, तेव्हा पन्ह्यावरच भागवा आणि भाताबरोबर टोमॅटोचं सार ठेवा. एका मे महिन्यात मी दहीवडे दुपारी चारला भिजवून गच्चीवर नेऊन ठेवले होते. साडेआठला दही इतकं आंबलं होतं की सगळे टाकावे लागले. डाळ वाटणं, तळणं, दोन तासांचं काम. दह्याचं काही असेल तर दही फ्रिजमध्ये आणि वडे बाहेर, गाठभेट ताटलीत.

पावसाळा. गच्चीचा नाद सोडा. शेव, चुरमुरे, पापड तासाभरात सादळतात, म्हणून भेळ बाद. अळूवडी या दिवसांत उत्तम: मंडईत चांगली पानं मिळतात, उंडे आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये राहतात, आणि काप काढून कढईत तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात परतले तरी चालतात. मक्याच्या दाण्यांची उसळ, मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, पापडाऐवजी तळलेल्या सांडग्या मिरच्या, गोडाला गुलाबजाम. कढी फुटते ती उकळी आल्यावर. मंद आचेवर ढवळत फक्त वाफा येऊ द्या.

हिवाळा. मटार, गाजर, ओली तूर, सगळं मुबलक, आणि मोठ्या खरेदीला मार्केट यार्ड परवडतं. टोमॅटोचं सूप, मटार करंजी, तूरदाण्याचा भात, गाजरहलवा. मटार करंजी सकाळी भरून, ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवता येते. गच्चीवर बसणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत भात पंधरा मिनिटांत थंडगार होतो. अन्न घरात ठेवा, माणसं वर.

टप्पा ६ : प्रमाण

सगळ्यांना इथेच धास्ती वाटते आणि "असू दे जरा जास्त" म्हणत दीडपट होतं. पंचवीस जणांसाठी (२० मोठे, ५ मुलं), इतर पदार्थ बरोबर आहेत असं धरून, माझे आकडे हे:

मसालेभात किंवा पुलाव: तांदूळ दीड किलो. भाज्या पाऊण ते एक किलो.
सार किंवा कढी: ४ लिटर.
कोथिंबीर वडी किंवा अळूवडी: माणशी ३, म्हणजे ७५ नग.
बटाटेवडे: ५० नग. १ किलो बटाट्यांत मध्यम आकाराचे २० ते २२ होतात, तेव्हा अडीच किलो.
भेळ: चुरमुरे पाऊण किलो. हा आकडा कमी वाटेल, पण चुरमुरे पसरतात.
कोशिंबीर: दीड किलो.
हिरवी चटणी: पाऊण किलो.
श्रीखंड: २ किलो. घरी करायचं तर १ किलो चक्क्यात साखर मिसळली की पावणेदोन किलोच्या आसपास होतं.
मठ्ठा किंवा पन्हं: ६ लिटर. मठ्ठ्याला २ लिटर दही, दुप्पट पाणी.
पिण्याचं पाणी: २० लिटरचा एक जार वेगळा.

पावभाजीच करायची असेल तर पाव ७०, बटाटे २ किलो, टोमॅटो दीड किलो, कांदे आणि फ्लॉवर एकेक किलो, मटार पाऊण किलो, ढोबळी मिरची अर्धा किलो. आणि दुसरा तवा शेजारणीकडून आदल्या दिवशीच आणून ठेवा.

पदार्थ वाढले की प्रत्येकाचं प्रमाण कमी करायचं असतं. लोक उलट करतात: आठ पदार्थ आणि प्रत्येक पूर्ण पंचवीस जणांचा. पोट तेवढंच असतं.

*सावध:* भाताचं प्रमाण वाढवलं की पाण्याचं त्याच हिशेबाने वाढवू नका. घरच्या छोट्या पातेल्यात एकास दोन पाणी घालत असाल तर मोठ्या पातेल्यात पावणेदोन पुरतं, कारण तेवढी वाफ उडत नाही. दीड किलोचा भात एका पातेल्यात केला तर वरचा कच्चा, मधला बरा आणि खालचा लागलेला होतो. दोन पातेल्यांत पाऊण-पाऊण किलो करा. पाणी वर दिसेनासं झालं की पातेल्याखाली जुना लोखंडी तवा सरकवा, झाकणावर वजन ठेवा आणि बारा-पंधरा मिनिटं अगदी मंद आच. मग गॅस बंद करून वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. तोंडली किंवा वांगी आधी तेलात परतून घेतलेली हवीत, नाहीतर भात शिजेपर्यंत त्यांचा लगदा होतो. ओलं खोबरं आणि कोथिंबीर भातात मिसळून ठेवू नका. गरम भातात खोबरं तासा-दीड तासात उतरतं. वाटीत बाजूला ठेवा, वाढताना वरून.

टप्पा ७ : घरी काय, बाहेरून काय

सगळं घरचं हवं असा हट्ट धरू नका आणि सगळं बाहेरचंही नको. माझी वाटणी अशी: पोटभरीचा पदार्थ आणि पातळ घरचं, कारण ते गरम आणि ताजं असलं की संध्याकाळ पार पडते. गोड आणि कोरडं बाहेरचं: डेअरीचं श्रीखंड, चितळ्यांची बाकरवडी, बेकरीतलं काही. बाकरवडी हा उशिरा येणाऱ्यांसाठीचा टिकाऊ पदार्थ म्हणून फार उपयोगी, फक्त वाढेपर्यंत डबा घट्ट बंद. पाडवा-दसऱ्याच्या आगेमागे श्रीखंडाला रांगा असतात, तेव्हा आधी सांगून ठेवा. मस्तानी (आईस्क्रीम घातलेलं दाट मिल्कशेक) पंचवीस पेल्यांत घरी करायच्या भानगडीत पडू नका, शेवटचा पेला भरेपर्यंत पहिल्यातलं आईस्क्रीम वितळतं.

बाहेरून गरम पदार्थ मागवताना वेळ "आठला" सांगू नका, सव्वासातला सांगा. एकदा मागवलेलं पनीर शनिवारच्या गर्दीत अडकून पावणेदहाला आलं, तोवर लहान मुलं झोपली होती.

ताटल्या-द्रोण रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक भावाने मिळतात. थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, कुणी देऊ केल्या तरी घेऊ नका. पत्रावळी, द्रोण किंवा उसाच्या चोयट्याच्या ताटल्या घ्या, माणशी दीड या हिशेबाने. शक्य असेल तर स्टीलच्या ताटल्या भाड्याने आणा, गरम भाताला त्याच बऱ्या.

टप्पा ८ : वेळापत्रक उलटं लिहा

वाढायच्या वेळेपासून मागे या. शनिवारी साडेसातला पाहुणे, साडेआठला जेवण, मेनू कोथिंबीर वडी, बाकरवडी, पन्हं, मसालेभात, सार, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड, असं धरू:

गुरुवार: कोरडं सामान, गोडा मसाला, ताटल्या. पाणी भरून ठेवा.
शुक्रवार: कोथिंबीर वडीचे उंडे उकडून गार करून फ्रिजमध्ये. कैऱ्या उकडून गर काढून ठेवा. सारासाठी टोमॅटो उकडून, गाळून. श्रीखंड आणा.
शनिवार सकाळी: भाज्या चिरा, खोबरं खवा, पन्हं कालवा.
४:०० वड्या कापा. फ्रिजमधून काढल्यावर लगेच कापल्या तर तुकडे नीट पडतात.
५:३० तांदूळ धुऊन निथळत ठेवा. सार उकळा, फोडणी द्या.
६:१५ भात टाका.
७:०० भात झालेला, सार झाकलेलं. तुम्ही अंघोळ करून तयार. हा अर्धा तास वेळापत्रकात लिहाच, नाहीतर तो कुणी देत नाही.
७:३० वड्यांचा पहिला घाणा. पुढचे लोक येतील तसे.
८:१५ काकड्या चिरलेल्या तयार, पण मीठ आता. आधी मीठ घातलं तर पाणी सुटतं.
८:२० सार पुन्हा उकळा.
८:३० पानं.

एका वेळेच्या ओळीत दोन कामं एकाच माणसाची आली असतील तर मेनू चुकलाय. माणसं वाढवण्याआधी मेनू बदला.

टप्पा ९ : मांडणी आणि वाढणं

पटकन सांगते. ताटल्या रांगेच्या सुरुवातीला, चमचे शेवटी. पाणी आणि गोड वेगळ्या टेबलावर, नाहीतर दुसऱ्यांदा पाणी घ्यायला आलेले आणि पहिल्यांदा भात घ्यायला आलेले एकमेकांना अडतात. आधी मुलं, मग ज्येष्ठ. ज्येष्ठांना रांगेत उभं करू नका, बसल्या जागी वाढून द्या. गोड फ्रिजमधून शेवटी काढा. सगळं एकदम टेबलावर नेऊ नका, अर्धं स्वयंपाकघरात झाकून गरम ठेवा.

*सावध:* शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांची मर्यादा पाळा, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

टप्पा १० : उरलेलं

टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं दह्याचं, खोबऱ्याचं, पनीरचं, सारं टाकून द्या, वासावर जाऊ नका. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेला भात मात्र रात्रीच उथळ ताटात पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात तो मधे तासन्‌तास कोमट राहतो आणि बाधतो तो तिथेच. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच खा. पाहुण्यांबरोबर डबे द्यायचे असतील तर वाढायच्या आधीच काढून ठेवा, टेबलावरचं भरून देऊ नका. ओला-सुका कचरा त्याच रात्री वेगळा करा, सकाळी उष्ट्या द्रोणांतून निवडणं फार जिवावर येतं.

आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं काढून एका वहीत लिहा. माझ्या वहीतलं मागच्या जानेवारीचं पान असं आहे: "२६ माणसं. तूरदाण्याचा भात दीड किलो, दोन वाट्या उरला. कोशिंबीर दीड किलो, अर्धा किलो उरली, थंडीत १ किलोच करायची. करंज्या ८० केल्या, कमी पडल्या. सूप सगळ्यात आधी संपलं. आत्यांना बसायला खुर्ची नव्हती."